बेळगाव बासमती : एका वाणाची हकीकत

२०२५ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. सकाळी वाचनालयात वर्तमानपत्रे चाळण्यासाठी जमणारी आमची जी ठरलेली मंडळी आहे, तिच्यात त्या दिवशी भाताच्या एका बातमीवरून बोलणे निघाले. जनुक-संपादन या नव्या तंत्राने सिद्ध केलेले भाताचे दोन वाण केंद्रीय कृषिमंत्र्यांनी ४ मे रोजी दिल्लीत जाहीर केले होते. एकाचे नाव 'कमला', दुसऱ्याचे 'पुसा डीएसटी राईस १'. जगात असे वाण जाहीर करणारा भारत हा पहिला देश, असेही बातमीत म्हटले होते. सर्वांचे वाचून झाल्यावर वडगावचे एक वयोवृद्ध शेतकरी चष्मा काढून म्हणाले, "सगळं खरं हो साहेब. पण आमच्या बासमतीनं काय घोडं मारलंय त्यांचं?"

मंडळी हसली. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. आम्ही काही कृषिशास्त्रज्ञ नव्हे. राज्य सरकारच्या सेवेत तीन दशकांहून अधिक काळ जमिनीची व पिकांची कागदपत्रे हाताळली, इतकाच काय तो आमचा अधिकार. तरीही बेळगाव बासमती हा आपल्या जुन्या घराण्यांच्या स्वयंपाकघराशी जडलेला विषय आहे. तो आपल्या डोळ्यांदेखत कसा गेला, आणि आता आलेल्या नव्या विद्येने तो परत येऊ शकेल काय, याचा विचार कोणीतरी मांडून ठेवावयास हवा. तो शास्त्रज्ञाने मांडला असता तर अधिक बरे झाले असते.

ज्यांना बेळगाव सोडून बरीच वर्षे झाली, त्यांच्यासाठी प्रथम थोडे भूगोलाचे. शहराच्या दक्षिणेस शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, येळ्ळूर या गावांची शिवारे एकमेकांना लागून आहेत. मध्ये बळ्ळारी नाला. जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर असल्याने आश्विन-कार्तिकात, म्हणजे नेमके दाणा भरण्याच्या दिवसांत, रात्री गार होतात. सुवासिक भाताला हेच हवे असते. दाणे भरताना हवा थंड असेल तर सुगंध अधिक साठतो, हे पुढे शास्त्रानेही सांगितले. आपल्या शेतकऱ्याला ते शास्त्राच्या आधीपासून ठाऊक होते. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. बेळगाव इंग्रजांचे आणि शहापूर पटवर्धनांचे, अशी सरहद्द एका गावठाणातून दुसऱ्यात जाताना ओलांडावी लागे. सरहद्दीची सवय आपल्या लोकांना १९५६ पासूनच लागली, असे नाही.

या शिवारात वळवाचे एक-दोन पाऊस झाले की धूळवाफ पेरणी होई. कोकणासारखी रोपे काढून लावणी करण्याची पद्धत इकडे कमी. कुरीने कोरड्या मातीत भात पेरायचे आणि मृगाची वाट पाहायची. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा घ्यायचा. बेळगावच्या मसुरीचे नाव झाले ते याच जमिनीमुळे. बासमतीचे पीक उंच वाढे. फुलोऱ्यावर आले की बांधावरून जाणाऱ्याला वास येई. आमच्या लहानपणी वडिलांचे बोट धरून येळ्ळूरच्या वाटेने जाताना तो आम्ही पुष्कळदा घेतला आहे. घरात हा तांदूळ वर्षभर जुना करून मगच वापरीत. श्रावणी सोमवारी, श्राद्धाला, जावई आला तर. रोजच्या पानात इंटान, दोडगा असले जाडेभरडे असे. शेजारच्या घरी बासमती शिजला तर पाहुणा कोण आला, याची चौकशी आमची आई भिंतीपलीकडून करीत असे.

येथे नावाचा एक खुलासा केला पाहिजे. उत्तरेकडील हिमालयाच्या पायथ्याचा बासमती निराळा आणि आपला निराळा. 'वास असलेले भात' याच अर्थाने आपल्या लोकांनी हे नाव वापरले असावे. या नावाने पुढे काय घोटाळा केला, ते ओघात येईलच.

आता आमच्या नोकरीतील एक आठवण. महसूल आणि कृषी खात्यांच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी पीक कापणी प्रयोग करावे लागतात. यादीत निघालेल्या सर्व्हे नंबरात जायचे, पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद असा चौकोन दोरीने आखायचा, त्यातील पीक कापून, मळून, वजन करून तक्त्यात भरायचे. जिल्ह्याचे उत्पादन, पीकविमा, दुष्काळाची सूट हे सारे पुढे या वजनांवर ठरते. आम्ही असे प्रयोग कितीतरी केले. आज मागे वळून पाहताना लक्षात येते की, तक्त्यात पिकाचे नाव 'भात'. फार तर 'स्थानिक' किंवा 'अधिक उत्पादन देणारे' एवढी खूण. बासमती स्थानिक, दोडगा स्थानिक, आणि खानापूरच्या रानातले तांबडे भातही स्थानिकच. पहाणी पत्रकातही तेच. त्यामुळे अमुक वर्षी बेळगाव तालुक्यात किती एकर बासमती होता आणि तमुक वर्षी किती उरला, हे आमच्या दप्तरांतून निघत नाही. हा वाण सरकारी कागदावर कधी आलाच नाही, म्हणून तो गेल्याचीही नोंद नाही. ही आमच्या हातून झालेली चूक आहे, असे आम्ही म्हणणार नाही, कारण तक्ता आम्ही छापलेला नव्हता. पण सही आमची होती.

तो गेला कसा, हे कळण्यासाठी थोडे दूर, फिलिपाईन्सपर्यंत जावे लागते. जुन्या भातांचा मोठा दोष त्यांची उंची. खत घातले की काड वाढतो, लोंबी भरली की वाऱ्यापावसात पीक आडवे होते आणि दाणा चिखलात जातो. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये 'आयआर ८' हा वाण दिला, तेव्हा हा दोष निघाला. तैवानकडील 'डी-जिओ-वू-जेन' नावाच्या बुटक्या भाताचा संकर इंडोनेशियाच्या उंच भाताशी करून तो तयार झाला होता. बुटकेपणा नेमका कशामुळे येतो, हे तेव्हा माहीत नव्हते. ते २००२ मध्ये उलगडले. रोपाची उंची वाढविणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य बनवण्यात ज्या जनुकाचा वाटा असतो, त्यातील ३८३ अक्षरांचा तुकडा या बुटक्या भातातून गळालेला होता. तेवढ्या एका गळाठ्यावर आशियातील हरितक्रांतीचा भाताकडचा अर्धा डोलारा उभा राहिला.

मावळातील वडगावच्या भात संशोधन केंद्रात या आयआर ८ चा संकर आपल्या आंबेमोहर १५७ शी करण्यात आला आणि १९८७ मध्ये 'इंद्रायणी' प्रसारित झाला. वास आंबेमोहराचा, बुटकेपणा आयआर ८ चा. हा वाण महाराष्ट्राचा. परंतु कागल-निपाणीच्या नाक्यावर बियाण्याच्या पिशवीला कोणी अडवत नाही. गडहिंग्लज-चंदगडच्या सोयऱ्यांकडून, लग्नकार्याला गेलेल्यांच्या गाडीतून इंद्रायणी बेळगावच्या शिवारात शिरला. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यकर्त्यांनी नकाशावर जी रेघ ओढली, ती आपल्या मुलांच्या शाळेला, नोकरीला, सातबाऱ्याच्या भाषेला आडवी आली. भाताला ती कधी दिसलीच नाही. इकडच्या बाजूनेही प्रयत्न नव्हते असे नाही. धारवाडजवळच्या मुगद येथील केंद्रातून 'मुगद सुगंधा' हा वाण निघाला. तथापि बेळगावच्या बाजारात मान मिळाला तो इंद्रायणीलाच.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. वास इंद्रायणीलाही होता, उतारा अधिक होता, पीक लोळत नव्हते. बासमतीला दर चढा मिळे, पण पोती कमी भरत. त्यात व्यापाऱ्यांनी इंद्रायणीच बासमतीच्या नावाने विकला की चढा दरही गेला. एका भावाचे शेत बासमतीचे व दुसऱ्याचे इंद्रायणीचे, असे बांधाला बांध लागून झाले, आणि खळ्यावर, पोत्यात, कुरीच्या नळ्यात बियाणे मिसळत गेले. आज कोणी 'हा अस्सल बेळगाव बासमती' म्हणून हातावर ठेवला तर त्यात दोन-तीन तऱ्हेचे दाणे ओळखू येतात.

त्यातच जमीन आटली. शिवारात गुंठेवारी पडली, शहराचे सांडपाणी बळ्ळारी नाल्यात आले, नाला गाळाने भरला, आणि पावसाळ्यात तो पात्र सोडून भातात पसरू लागला. हलगा-मच्छे बाह्यवळण रस्त्यासाठी याच पट्ट्यातील पिकाऊ जमीन घेण्यात आली. शेतकऱ्यांनी त्यासाठी न्यायालयात आणि रस्त्यावर वर्षानुवर्षे केलेला झगडा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यावर अधिक लिहीत नाही, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नवे तंत्र म्हणजे काय, आणि बासमतीला त्याचा उपयोग काय?

सुवासिक तांदळाचा वास ज्या द्रव्याचा, ते शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ओळखले. परसात लावलेल्या ज्या पातीचे पान आपण साध्या भातात टाकतो, त्या आंबेमोहर पातीतही तेच द्रव्य असते. २००५ मध्ये त्याचे जनुक सापडले आणि एक गंमत कळली. साध्या भातात एक जनुक असे असते की, जे ते सुगंधी द्रव्य तयार होऊ देत नाही. सुवासिक भातांच्या बहुतेक वाणांत हे जनुक बिघडलेले आढळते. त्यातील आठ अक्षरे गळालेली असतात. म्हणजे तांदळाला वास येतो तो काही नवे मिळाल्यामुळे नव्हे, तर काही मोडल्यामुळे. हजारो वर्षांपूर्वी कोण्या शेतात हे मोडणे आपोआप घडले, कोण्या बाईच्या नाकाला ते जाणवले, तिने त्या लोंब्या बाजूला ठेवल्या. बुटकेपणाही मोडण्यातून आला, वासही मोडण्यातून. आम्हांला तरी हे वाचून फार नवल वाटले.

निसर्गात जे आपोआप मोडते, ते हवे तेथे नेमके मोडण्याची युक्ती म्हणजे जनुक-संपादन. तिचे सर्वांत सोपे साधन, 'क्रिस्पर-कॅस ९' नावाची रेण्वीय कात्री, २०१२ मध्ये पुढे आले आणि त्यासाठी एमान्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना या दोघींना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जंतूंच्या शरीरात विषाणूंशी लढण्यासाठी जी व्यवस्था असते, तीच येथे वापरली आहे. कात्रीला पत्ता द्यायचा, ती त्या जागी जनुक कापते, पेशी ते पुन्हा जोडते, आणि जोडताना एखाददुसरे अक्षर चुकते. ती चूक हेच उद्दिष्ट. 'कमला' हा वाण असाच 'सांबा महसुरी' या आंध्रातील लोकप्रिय भातापासून हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने केला. लोंबीत दाणे किती धरायचे यावर लगाम ठेवणारे एक जनुक त्यांनी निकामी केले. मूळ वाणापेक्षा सुमारे १९ टक्के अधिक उत्पादन आणि सुमारे वीस दिवस लवकर कापणी, असा संस्थेचा दावा आहे. या आकड्यांवर आक्षेप घेणारेही आहेत, आणि पाच मीटरच्या चौकोनाचे वजन लाखो एकरांना लावण्यात काय धोके असतात, हे आमच्याइतके थोड्यांना ठाऊक असेल.

जुन्या जनुकबदल पिकांहून, उदाहरणार्थ आपल्याकडे २००२ मध्ये आलेल्या बीटी कापसाहून, हे निराळे अशासाठी की, कापसात एका जिवाणूचे जनुक आणून बसवले होते. येथे अखेरीस परके काही शिल्लक राहत नाही. राहत नाही, असे म्हणताना एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. कात्री आधी आत घालावी लागते, आणि पुढच्या पिढीत कात्री नसलेली रोपे वेचून काढावी लागतात. या फरकावरून केंद्र सरकारने ३० मार्च २०२२ रोजी अशा पिकांना १९८९ च्या कडक नियमांतील काही कलमांतून सूट दिली. युरोपच्या न्यायालयाने २०१८ मध्ये नेमका उलट निर्णय दिला होता, आणि २०२३ मध्ये युरोपीय आयोगालाच तो सैल करण्याचा प्रस्ताव आणावा लागला. जगात अजून एकमत नाही, एवढेच यातून घ्यावे.

मग बेळगाव बासमतीचे काय? त्याचा दोष उंची. ती घडवणारे जनुक आज माहीत आहे. संकर केला तर आयआर ८ चे बाकीचे गुणावगुणही बासमतीत उतरतात. इंद्रायणी हा आंबेमोहर नव्हे, हे मावळातील कोणतीही जुनी सुगरण सांगेल. कात्रीने मात्र तेवढे एक जनुक मोडून बाकी सारे जसेच्या तसे ठेवता येते. हे नुसते कल्पनेतले नाही. चिनी शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये 'कासालथ' या जुन्या भारतीय भातात हेच जनुक कापून बुटकी रोपे मिळवली. आणि कात्रीवाचूनही ते झाले आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रायपूरच्या कृषी विद्यापीठाबरोबर छत्तीसगडच्या 'दुबराज' या सुवासिक, उंच व उशिरा येणाऱ्या भातावर किरणांचा मारा करून, हजारो रोपांतून निवड करून, ठेंगणा व लवकर येणारा दुबराज दिला. ट्रॉम्बेच्याच किरणांतून निघालेला 'टॅग २४' भुईमूग महाराष्ट्र-कर्नाटकात घरोघरी पेरला गेला, त्याला कोणी विरोध केल्याचे आम्हांला स्मरत नाही. किरण म्हणजे अंधारात मारलेला दगड, कात्री म्हणजे बोट ठेवून दाखवलेली जागा. मग वडगावच्या त्या गृहस्थांचा प्रश्न अगदीच भाबडा नव्हता.

येथे निपाणीची आठवण होणे अपरिहार्य आहे. जनुकबदलाच्या या साऱ्या विद्येचे पहिले रोप कोणते, तर तंबाखूचे. तंबाखूच्या पानाच्या तुकड्यापासून पूर्ण रोप सहज उगवते, म्हणून अमेरिका आणि बेल्जियममधील प्रयोगशाळांनी १९८३ मध्ये परके जनुक प्रथम बसवले ते तंबाखूच्या पेशींत. त्याच तंबाखूसाठी त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, निपाणीचे शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते, आणि ६ एप्रिलला त्यांच्यावर गोळ्या चालल्या. आम्ही तेव्हा सरकारी नोकरीत नवखे होतो. निपाणीच्या शेतकऱ्यांची मागणी भावाची होती. तंबाखूच्या पानाला काय भाव द्यायचा, हे वखारीत बसलेला व्यापारी ठरवीत होता. तेथे केंद्र होते, सुधारित वाण होते, पीकही उत्तम येत होते. सीमाभागातील तंबाखूवाल्याला कमी पडले ते जनुक नव्हते. बासमतीच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही. उद्या ठेंगणा बासमती आला, उतारा दीडपट झाला, आणि बाजारात तो इंद्रायणीच्या ढिगात ओतला गेला, तर शेतकऱ्याच्या पदरात काय?

दुसरी आठवण वांग्याची, आणि ती अधिक अडचणीची आहे. बीटी वांग्याचा वाद आपल्या स्मरणात असेल. केंद्राच्या समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्याला संमती दिली आणि पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेऊन ९ फेब्रुवारी २०१० रोजी ते स्थगित केले. शेजारच्या बांगलादेशाने ते २०१३ मध्ये स्वीकारले. या वादात आपला जिल्हा कोठे होता, याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. जालन्याच्या महिको कंपनीचे अळीरोधक जनुक ज्या स्थानिक वांग्यांत उतरवण्याचे काम धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने हाती घेतले, त्यांत मांजरी गोटा, मलापूर लोकल, रबकवी लोकल, उडुपी लोकल यांच्याबरोबर आपल्या जिल्ह्यातील गावाचे नाव मिरवणारे 'कुडची लोकल' हेही होते. ज्या वांग्याची भरली भाजी पिढ्यान् पिढ्या झाली, ते प्रयोगशाळेत गेले. ते नेताना २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परवानगी घेतली होती काय, असा प्रश्न बंगळूरच्या एका संस्थेने २०१० मध्ये उपस्थित केला, आणि पुढे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण व राज्याचे मंडळ यांनी कंपनी आणि विद्यापीठाशी संबंधित व्यक्तींविरुद्ध धारवाडच्या न्यायालयात फौजदारी तक्रार केली. खटल्याच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. विद्यापीठातील संशोधक आपल्याच शेतकऱ्यासाठी झटत होते, यावर आमचा विश्वास आहे. प्रश्न एवढाच की, कुडचीच्या शेतकऱ्याला यातले काही कोणी विचारले होते काय? त्याच्या नावाचे वांगे होते, पण ते त्याचे आहे असे दाखवणारा कागद त्याच्यापाशी नव्हता. पुन्हा तोच रिकामा रकाना.

बासमतीवर उद्या कोणी कात्री चालवली तर हेच होईल. शिवाय त्या कात्रीची पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत, आणि अशा वाणाचे बियाणे विकताना त्यांचा हिशेब कसा व्हायचा, हा प्रश्न उभा राहतोच. म्हणून आधी आपला वाण आपला म्हणून नोंदवून ठेवणे बरे. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यांनी जपलेले वाण शेतकऱ्यांच्या नावे नोंदवण्याची सोय आहे. आपल्या शेजारच्या आजऱ्याने वेगळी वाट धरली. तेथील 'आजरा घनसाळ' या सुवासिक तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी उत्तरेच्या बासमतीलाही ते मिळाले, आणि तेव्हापासून 'बासमती' हे नाव कायद्याने सिंधू-गंगेच्या मैदानातील व हिमालयाच्या पायथ्याच्या ठरावीक प्रदेशाचे झाले. त्या प्रदेशात बेळगाव अर्थातच नाही.

या सर्वांसाठी आधी बियाणे हवे. भात घरात दोन-तीन वर्षे पेरल्यावाचून राहिले की उगवत नाही. कात्री कितीही नेमकी असली, तरी मेलेल्या दाण्यावर ती चालत नाही. म्हणून त्या सकाळनंतर आम्ही व वाचनालयातील आणखी दोघे, तिघेही निवृत्त आणि तिघेही गुडघ्यांनी अधू, शहापूर-वडगाव-येळ्ळूरकडे विचारपूस करीत फिरलो. बहुतेकांनी 'होता की आमच्यात, आता नाही' म्हणून चहा पाजला. येळ्ळूरच्या वाटेवरील एका आजींनी मात्र कणगीच्या तळाशी पंच्यात बांधून ठेवलेले दीड किलो भात काढून दिले. दरवर्षी त्या अर्ध्या गुंठ्यात पेरीत होत्या, देवाच्या नैवेद्यापुरते. देताना म्हणाल्या, "खाऊ नका हं बाबांनो. पेरतो म्हणालात म्हणून देतोय."

वडगावच्या त्या गृहस्थांनी आपल्या शेतातील तुकडा दिला. मे अखेरीस धूळवाफ पेरणी झाली. जुलैत नाला फुगला आणि खालच्या बाजूचे पीक आठवडाभर पाण्याखाली राहून कुजले. वरचे तगले. ऑक्टोबरात ते आमच्या छातीला लागले, आणि परतीच्या पावसाने, व्हायचे तेच होऊन, पूर्ण लोळले. आडव्या पिकातून विळ्याने लोंब्या वेचून काढाव्या लागल्या. निरनिराळ्या तऱ्हेचे दाणे दिसले ते तिघांनी बसून वेगळे केले. स्वच्छ बियाणे अकरा किलो भरले. त्यातील थोडे आजींना परत केले.

नोंदणीचा अर्ज आम्ही आणला आहे. सवयीने तो आधी पेन्सिलीने भरला. पीक : भात. पेरणी, फुलोरा, उंची, दाण्याचा आकार, वास, सारे रकाने भरले. वाणाचे नाव, हा रकानाही या अर्जात आहे. आमच्या साऱ्या नोकरीत न भेटलेला तो रकाना येथे भेटला. कायद्यात असे आहे की, वाणाच्या नावात गावाचे नाव सामान्यतः असू नये. ते प्रामाणिकपणे वापरले आहे असे निबंधकांना वाटले तर ते परवानगी देऊ शकतात. म्हणजे 'बेळगाव' हा शब्द त्यांच्या मर्जीवर, आणि 'बासमती' तर उत्तरेकडे गेलेला. आजींना विचारले तर त्या म्हणाल्या, "नाव कशाला? वासाचं भात म्हणा." तिघांचे अजून एकमत होत नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी या भाताला दुसरे एखादे जुने नाव असल्यास त्यांनी ते मंडळाच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. अर्ज मृगापूर्वी पाठवावयाचा आहे.